जीपीओच्या घुमटाखाली

(पडद्यावर : सकाळचे साडेनऊ. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरची गर्दी. हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका.)

बोरीबंदरला लोकल रिकामी होते आणि माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो. कुणी फोर्टकडे वळतो, कुणी क्रॉफर्ड मार्केटकडे, कुणी बस पकडायला धावत सुटतो. पाहुणे तेवढे थांबतात. स्टेशनाकडे बघतात, समोरच्या महापालिकेकडे बघतात. या दोन इमारतींपुढे वर झालेली मान तिथेच अडकते, आणि स्टेशनाच्या शेजारची तिसरी इमारत बघायची राहून जाते.

मुंबईचं जनरल पोस्ट ऑफिस. सगळ्यांच्या तोंडी जीपीओ.

(पडद्यावर : इमारतीचा दर्शनी भाग, मग सावकाश वर घुमटाकडे.)

काळा बेसॉल्ट, त्याला कुर्ल्याच्या पिवळ्या दगडाची आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची जोड. मधोमध मोठा घुमट. विजापूर पाहिलेल्या माणसाला इथे क्षणभर थबकायला होतं, कारण हा घुमट ओळखीचा वाटतो.

स्टेशन आणि महापालिका, दोन्ही फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची कामं. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडात कोरलेले प्राणी आणि पानंफुलं. त्यांच्या शेजारी पोस्टाची इमारत उभी करायची वेळ आली, तेव्हा वास्तुविशारद जॉन बेग यांनी नजर वळवली ती दख्खनकडे. मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरचा गोलघुमट त्यांनी समोर ठेवला. ज्या आदिलशाहीत शहाजीराजे सरदार होते, तिथला हा घुमट. विजापूरला त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. इथला ६५ फुटांचा, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरी तो घुमट मुंबईत आला, आणि टपालाच्या कामाला लागला.

१९०४मध्ये बांधकाम सुरू झालं, १९१३मध्ये संपलं. खर्च आला १८ लाख ९ हजार रुपये. बेग यांच्या हाताखाली इथे काम करणारे जॉर्ज विटेट यांनी पुढे गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा केला.

(पडद्यावर : प्रवेशद्वार. कॅमेरा आत जातो. बाहेरचा आवाज हळूहळू मागे पडतो.)

आत यायला तिकीट नाही. पुरातन वास्तू म्हटलं की दोरी बांधलेली असते, हात लावू नका अशी पाटी असते. इथे काउंटर आहेत. घुमटाखालच्या दालनात कुणी पासबुक भरून घेतंय, कुणी पार्सलचं वजन करून घेतंय. ज्या कामासाठी शंभर वर्षांपूर्वी ही इमारत बांधली, तेच काम आजही इथे चालतं. मला या वास्तूचं सगळ्यात मोठं वैभव हेच वाटतं.

एकदा मान वर करा. घुमटाच्या पोटात आवाज कसा घुमतो ते ऐका. शिक्क्याचा ठोका. मग पुन्हा ठोका.

(पडद्यावर : जुन्या मनिऑर्डर फॉर्मचं जवळून दृश्य.)

हा कागद ज्यांच्या घरात कधी आला असेल, त्यांना तो लगेच ओळखू येईल. १८८०मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली, आणि मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसाला आपलं गाव सांभाळता आलं. बायको-मुलं कोकणात किंवा घाटावर, आणि हा परळ-लालबागच्या खोलीत दहाबारा जणांबरोबर. पगार झाला की खानावळीचे पैसे बाजूला, उरलेले पोस्टात. रांगा लागायच्या त्या गिरणगावातल्या पोस्टांत. पण खातं हेच, आणि शहरातल्या टपालाचं मुख्य घर हेच.

फॉर्मच्या खाली एक छोटं कुपन असायचं, निरोपापुरतं. चार ओळी जेमतेम मावायच्या. बैलाचं बघा. धाकटीला दवाखान्यात न्या. गणपतीला येतो. पोस्टमन ओटीवर बसून पैसे मोजून द्यायचा, आणि ज्या बाईला सही येत नसे तिचा अंगठा साक्षीदारासमोर उमटायचा. तो अंगठा पोच म्हणून मुंबईला परत यायचा. शाईने माखलेला तो ठसा हातात धरून खोलीतल्या माणसाला काय वाटत असेल? अक्षर नव्हतं त्यावर, पण बोट तिचं होतं.

कुपन मात्र तिच्याकडेच राहायचं. माझ्या आजीने तिची कुपनं तांदळाच्या डब्यात जपली होती. पैसे कधीच संपले होते.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. मुंबईत भोंगे थांबले आणि तिकडे गावोगावी पोस्टमनची वाट बघणं लांबत गेलं.

(पडद्यावर : पत्त्याच्या जागी लिहिलेले आकडे : ४००००१.)

आता हे सहा आकडे. पिनकोड देशात लागू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणात जन्मलेले, केंद्र सरकारात अधिकारी, आणि संस्कृतात कविता करणारे.

अडचण साधी होती. महाराष्ट्रातच पिंपळगावं किती, वडगावं किती! त्यात पत्ता कुणी मराठीत लिहिणार, कुणी तमिळमध्ये, कुणी घाईत अर्धाच. टपाल छाटणाऱ्याने कुठल्या पिशवीत टाकायचं? आकडा मात्र सगळ्यांना वाचता येतो. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाटणीचा जिल्हा. शेवटचे तीन थेट टपाल कार्यालय दाखवतात. ४०० म्हणजे मुंबई. आणि ००१ म्हणजे हा घुमट.

(पडद्यावर : बाहेर, ताडपत्रीखाली बसलेले पत्रलेखक. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

जीपीओबाहेर कबुतरखान्याजवळ पत्रलेखक बसत आले आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची सुखदुःखं यांच्या हातून कागदावर उतरली. परक्या माणसाला आपल्या घरातलं सांगायचं, आणि त्याने ते ऐकून विसरायचं, असा तो विश्वासाचा धंदा. मोबाइल आला आणि पत्रं आटली. आता फॉर्म भरून देणं आणि पार्सल शिवून देणं यावर भागतं. हे शिवणं बघत राहावं असं आहे. पांढरं कापड ताणून घेतात, दाभणाने टाके घालतात, गाठीवर लाख वितळवून शिक्का दाबतात, आणि शाईने पत्ता.

(पडद्यावर : पुन्हा आत. काउंटरवर पोस्टकार्ड.)

तुम्ही कधी इथे आलात तर एखादं काम घेऊन या. काहीच नसेल, तर पोस्टकार्ड घ्या. पन्नास पैशांना मिळतं. कोपऱ्यात टेकायला जागा बघा आणि लिहा, कुपनावर मावायचं तेवढंच. आम्ही आमचं गावच्या घरी पाठवतोय. नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका. खाली सहा चौकोन.

(पडद्यावर : लाल पेटीच्या फटीत कार्ड सरकतं. आत पडल्याचा हलका आवाज. अंधार.)