लाउडा परत आला तो कसा

मित्रहो, समोर आपल्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांमधली बरीच मंडळी दिसतायत, म्हणून प्रस्तावनेत वेळ घालवत नाही. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतला ऑस्ट्रियन चालक निकी लाउडा, याचं नाव निघालं की लोक त्याच्या धाडसाबद्दल बोलतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. हा माणूस परत आला तो हिशोबाच्या जोरावर. आपल्यात आता काय उरलंय आणि काय गेलंय, हे त्यानं स्वतःशी कधी लपवलं नाही.

१९७५चा जगज्जेता. १९७६चा मोसमही त्याचाच चालला होता. १ ऑगस्टला जर्मनीत न्यूरबुर्गरिंगची शर्यत होती. डोंगर-जंगलातून जाणारी जवळपास २३ किलोमीटरची एक फेरी! एवढ्या लांब रस्त्यावर आग लागली तर मदत वेळेत पोचणार नाही, इथं शर्यत नको, असं त्यानं आधीच चालकांपुढं मांडलं होतं. बहुमत मिळालं नाही. दुसऱ्याच फेरीत त्याची फेरारी आदळली आणि पेटली. मर्झारिओ, एडवर्ड्स, लंगर आणि एर्टल हे चौघे चालक आपापल्या गाड्या सोडून धावले आणि त्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं. ही चार नावं आवर्जून घ्यावीत असं मला फार वाटतं.

चेहरा भाजला, उजवा कान बराचसा गेला. पण जिवावर बेतलं होतं ते फुफ्फुसांचं. भट्टीपाशी उभं राहून ओतकाम केलेल्यांना हे सांगायला नको. भाजलेली कातडी दिसते, औषध लावता येतं. आत गेलेल्या विषारी धुराचं काय करणार? इस्पितळात पाद्री येऊन अंत्यविधीची प्रार्थना म्हणून गेला होता.

आणि १२ सप्टेंबरला, म्हणजे सहा आठवड्यांत, हा माणूस इटलीत मोंझाला गाडीत बसलेला. जखमा ओल्या. हेल्मेट काढताना आतलं कापड रक्तानं चिकटलेलं असायचं. शुक्रवारी पावसात सराव होता, आणि तो घाबरला. साधं घाबरणं नव्हे, अंग ताठ व्हावं अशी भीती. हे त्यानं पुढं स्वतःच मोकळेपणानं सांगितलंय. मग त्यानं काय केलं? पूर्वीच्या वेगाची बरोबरी करायचा नाद आधी सोडला. नुसती गाडी चालवायची, हळूहळू वाढवत न्यायचं. शनिवारी, सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या सरावात, तो पाचव्या क्रमांकावर होता, फेरारीच्या दुसऱ्या दोन्ही चालकांच्या पुढं. त्यातला रॉयटेमान तर त्याच्या जागी म्हणून आणलेला! रविवारी लाउडा चौथा आला.

पण माझ्या मते त्याच्या परतण्यातला सगळ्यात मोठा दिवस मोंझाचा नाही, जपानमधल्या फुजीचा. २४ ऑक्टोबर, शेवटची शर्यत. विजेतेपदाच्या शर्यतीतला प्रतिस्पर्धी जेम्स हंट, त्याच्यापेक्षा लाउडा तीन गुणांनी पुढं. धो धो पाऊस, समोरचं दिसत नाही. आपल्या चोर्ला घाटात आषाढात गाडी घातलेल्यांनी डोळ्यांपुढं आणावं, फक्त वेग कितीतरी पट. लाउडानं दोन फेऱ्यांनंतर गाडी आत घेतली. इंजिन बिघडल्याचं सांगू या, असं संघाच्या फोर्गिएरींनी सुचवलं. तो नाही म्हणाला. हंट तिसरा आला आणि विजेतेपद एका गुणानं गेलं, ६९ विरुद्ध ६८. पुढच्याच वर्षी लाउडानं ते परत मिळवलं.

१९७९मध्ये कॅनडात सराव चालू असताना तो शर्यती सोडून मध्येच निघून गेला आणि स्वतःच्या विमान कंपनीच्या मागं लागला. ते सगळं बाजूला ठेवू.

१९८२ला मॅक्लारेन संघाकडून पुन्हा आला. तिसऱ्याच शर्यतीत, लाँग बीचला, जिंकला. खरी कसोटी १९८४ची. त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत अलँ प्रॉस्ट, वयानं लहान आणि एका फेरीत त्याच्यापेक्षा वेगवान. लाउडा पस्तिशीचा. अख्ख्या मोसमात त्याला एकदाही पहिल्या जागेवरून सुरुवात मिळाली नाही. त्यानं ती झटापटच सोडून दिली आणि सगळं लक्ष रविवारच्या गाडीवर लावलं: टायर, इंधन, शेवटच्या वीस फेऱ्या. प्रॉस्टनं सात शर्यती जिंकल्या, यानं पाच. मोनाकोला पावसामुळं शर्यत अर्ध्यात थांबली, त्यामुळं जिंकूनही प्रॉस्टला अर्धेच, साडेचार गुण मिळाले. शर्यत पुरी होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते! शेवटी पोर्तुगालमध्ये लाउडा अकराव्या जागेवरून निघाला. विजेतेपदासाठी त्याला दुसरं येणं भाग होतं, तो दुसरा आला. ७२ विरुद्ध साडेएकाहत्तर. विजेतेपदाचा निकाल याहून कमी फरकानं अजून लागलेला नाही.

आता कुणीतरी मागून शूमाखरचं नाव घेतलं. सात वेळचा विजेता, २०१०ला परतला, तीन वर्षांत एकदाच पहिल्या तिघांत आला. त्याला मी अपयश म्हणणार नाही. त्याला गाडी चालवायची होती, त्यानं चालवली.

लाउडाचा शेवटचा विजय १९८५चा, हॉलंडमधल्या झांडव्होर्टचा. त्या मोसमात त्याची गाडी सारखी बंद पडत होती, आणि मोसमाअखेर थांबायचं त्यानं आधीच जाहीर केलं होतं. शेवटच्या फेऱ्यांत प्रॉस्ट नव्या टायरवर त्याच्या अगदी मागं येऊन भिडला. लाउडानं त्याला जागा दिली नाही. फरक होता पाव सेकंदाचा.