वॉयनिच हस्तलिखितातल्या खुणा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात एमएस 408 या क्रमांकाचं, कातड्याच्या पानांचं एक हस्तलिखित आहे. 1912 साली ते विकत घेणाऱ्या ग्रंथविक्रेत्यावरून त्याला वॉयनिच हस्तलिखित म्हणतात. त्याची लिपी आजवर लागलेली नाही. मग लोक चित्रांकडे वळतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

1944 साली एका वनस्पतिशास्त्रज्ञाला त्यात सूर्यफूल दिसलं. सूर्यफूल युरोपात आलं ते कोलंबसानंतर, म्हणजे हस्तलिखितही त्यानंतरचं ठरतं. पण 2009 साली ॲरिझोना विद्यापीठात झालेली कार्बन चाचणी कातड्याचा काळ 1404 ते 1438 सांगते. कातडं कोरं पडून राहू शकतं, हे खरं. तरी एवढा साठा कुणी पन्नास-साठ वर्षं राखून ठेवला असेल, हे पटत नाही. शिवाय चित्रांतले कपडेही पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धाशीच जुळतात.

म्हणून आधी शाई आणि रंग वेगळे धरा. मायफळ आणि लोहाच्या शाईची रेघ बारीक, सराईत. रंग मात्र जाड कुंचल्याने फासलेला, जागोजाग रेघेबाहेर गेलेला. तो नंतर दुसऱ्याच कुणी भरला असावा, असा संशय आहे. तेव्हा ‘फूल निळं, म्हणजे अमुक वनस्पती’ हा पुरावा लंगडाच. ओल्या रंगाचे समोरच्या पानावर उमटलेले डाग जास्त कामाचे. डाग आणि समोरचं चित्र जुळत नसेल, तर बांधणीत पान हललंय असं समजा.

राशींची पानं तुमच्या ओळखीची वाटतील. सुरुवात मात्र मीनेपासून आहे. मधोमध राशीचं चित्र, भोवती वर्तुळांत तारे घेतलेल्या स्त्रिया, बहुतेक राशींना 30. मेष आणि वृषभ दोन-दोन चक्रांत फोडलेत, दरेकी 15. राशीचे अंशही 30 असतात, म्हणून ही मोजणी कुठल्याही फुलापेक्षा भक्कम. मकर आणि कुंभ असलेलं पान गहाळ आहे. महिन्यांची नावं रोमन लिपीत, बहुधा नंतरच्या कुणाच्या हातची. त्यांवरून चित्रकाराचं गाव ठरवू नका.

धनू राशी 73व्या पानाच्या मागे आहे. एरवी अर्धा घोडा, अर्धा माणूस. इथे दोन पायांचा माणूस, हातात क्रॉसबो, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप ओढून सोडायचं धनुष्य. असा धनुर्धर जर्मन भाषक प्रदेशातल्या काही पोथ्यांत सापडतो. उलट, नऊ वर्तुळांच्या मोठ्या घडीच्या पानावर एक किल्ला आहे. त्याच्या तटावरच्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे दाते, वरून दुभंगलेल्या, पाकोळीच्या शेपटीसारख्या. तशा चर्या इटलीत व्हेरोनाच्या किल्ल्यावर आजही दिसतात. एक खूण आल्प्सच्या उत्तरेला नेते, दुसरी दक्षिणेला. चित्रकाराने किल्ला न बघता दुसऱ्या चित्रावरूनही काढला असेल. आल्प्सच्या आसपास, यापलीकडे नेमकं गाव सांगणारा भेटला, तर त्याच काळातल्या, साल ठाऊक असलेल्या पोथीत हीच खूण दाखवायला सांगा. ताडून बघायला सगळी पानं ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत.