पन्नासच्या नोटेएवढं पापलेट

(दृश्य : पहाटेचं ससून डॉक. ओली फरशी, बर्फाचा चुरा, लिलावाचा गलका.)

पन्नास रुपयांची नवी नोट खिशात असेल तर काढा. निळसर रंगाची, मागच्या बाजूला हंपीचा दगडी रथ असलेली. तिची लांबी १३५ मिलिमीटर आहे. महाराष्ट्रात जे पापलेट पकडायला आणि विकायला परवानगी आहे, त्याची किमान लांबीही १३५ मिलिमीटरच. निव्वळ योगायोग, पण कामाचा. मासळीबाजारात फूटपट्टी घेऊन कुणी जात नाही, पैसे मात्र सगळेच नेतात.

(दृश्य : मंडईतली पाटी. एका वाट्यात तळहाताहून लहान आठ-दहा पापलेटं.)

"मावशी, ही लहान कशी दिली?"
"घे ना ताई, वाटा घे. ताजी हायेत, तव्यावर अख्खी बसतील."

तव्यावर अख्खं बसणारं पापलेट. आपल्याला ते सोयीचं वाटतं, कारण मोठं पापलेट खिशाला झेपत नाही. पण वाट्यातलं हे पोर अजून एकदाही व्यालेलं नाही. आणखी काही महिने समुद्रात राहिलं असतं, तर वजन कितीतरी पट वाढलं असतं आणि किलोचा भावही चढाच मिळाला असता. म्हणजे मासेमारांचं उद्याचं उत्पन्न आज वाट्यावारी विकलं जातंय.

सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. शेकरू, हरियाल, ताम्हण यांच्या पंक्तीत आता पापलेटही. मान मिळाला, हे छानच. पण या पंक्तीत आपण तळून खातो असं हे एकटंच आहे. त्याला वाचवायचं तर जंगलासारखं कुंपण घालून भागत नाही. खायचंही आणि उरवायचंही, अशी दुहेरी कसरत आहे.

(दृश्य : बंदरावर वही-पेन घेतलेला निरीक्षक, मोजपट्टीवर ठेवलेला मासा.)

हा १३५ चा आकडा आला कुठून? केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था १९४७ साली सुरू झाली. तिचं मुख्यालय कोचीला, आणि मुंबईत वर्सोव्याला एक केंद्र. संस्थेची माणसं ठरवून दिलेल्या दिवशी ठरवून दिलेल्या बंदरावर जातात. त्या दिवशी आलेल्या बोटींपैकी काही निवडतात, त्यांची मासळी नोंदवतात आणि त्यावरून अख्ख्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. काम कंटाळवाणं, वासाचं, वर्षानुवर्षांचं. पण याच नोंदींमुळे कळलं, की २०१९ मध्ये महाराष्ट्रात जेमतेम २.०१ लाख टन मासळी उतरली आणि गेल्या ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षी क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं आली, बोटी कितीतरी दिवस बंदरातच उभ्या होत्या, हेही खरं. पण सगळं खापर वादळांवर फोडता येत नाही.

संशोधक मासा नुसता मोजत नाहीत, चिरूनही पाहतात. आपण मिटक्या मारत खातो ती गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, त्यांच्यासाठी पुरावा असते. ती कितपत भरलीय, दाणे किती मोठे झालेत, कोणत्या महिन्यात, किती लांबीच्या मादीत, अशा हजारो नोंदींवरून त्या जातीचा मासा साधारण केव्हा वयात येतो ते ठरतं. संस्थेच्या शिफारशीवरून २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. यात एक मेख आहे. पापलेट मोठ्या संख्येनं वयात येतं ते या लांबीच्या बरंच पुढे गेल्यावर. एकाच जाळ्यात पन्नास जातींचे मासे येणाऱ्या आपल्या समुद्रात प्रत्येकाला पूर्ण वाढू द्या म्हटलं, तर बोट रिकामीच परत येईल. म्हणून ही तडजोडीची रेघ. याच्या खाली तरी नको, एवढंच ती सांगते.

(दृश्य : जाळं विणणारे हात. कॅमेरा एका गाठीवर.)

आता जाळ्याकडे येऊ. जाळ्याच्या भोकाला मासेमारीच्या भाषेत 'आस' म्हणतात. शब्द किती नेमका! त्या भोकातून सुटण्याची आस माशाला, आणि तो न सुटण्याची आस नाखव्याला.

बोटीमागून ओढायच्या नेहमीच्या ट्रॉल जाळ्याची आस शंकरपाळ्यासारखी असते. घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. कांद्याची जाळीदार पिशवी घ्या, तळाशी दोन-चार कांदे टाका आणि वरून ओढा. भोकं मिटतात. समुद्रात हेच होतं. बोट जाळं ओढते, शेपटाच्या पिशवीत, म्हणजे खोल्यात, मासळी साचते, ताण वाढतो आणि शंकरपाळ्याची नुसती फट उरते. कागदावर आस कितीही मोठी असू दे, पाण्यात ती बंदच.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं यासाठी चौकोनी आसेच्या खोल्यावर बरंच काम केलं. तेच जाळं ४५ अंशांत फिरवून जोडायचं. मग अर्धे धागे ओढीच्या दिशेनं उभे राहतात आणि सगळा भार घेतात. आडव्या धाग्यांवर ताणच येत नाही, म्हणून चौकोन उघडा राहतो. नवीन यंत्र नाही, नवीन इंधन नाही, फक्त जाळं जोडायची दिशा बदलली. पाणी आरपार जातं, त्यामुळे ओढ कमी लागते आणि डिझेलही वाचतं. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पात मालवण पट्ट्यातल्या ट्रॉलरवर ही जाळी वापरून पाहिली गेली. पुढे राज्यानं ट्रॉलच्या खोल्याला ४० मिलिमीटरची चौकोनी आस बंधनकारक केली.

बंधनकारक केली, इथंच गोष्ट संपत नाही. चौकोनातून पिल्लं सुटतात, तशी करंदी, म्हणजे बारकी कोळंबीही सुटते. अनेक ट्रॉलरचा रोजचा डिझेलखर्च निघतो तो याच करंदीवर. किनाऱ्यावरून 'पिल्लं सोडा' म्हणणं सोपं आहे. ज्याच्या डोक्यावर बोटीचं कर्ज आहे, त्याला पिल्लाबरोबर करंदीही सोडायला सांगतोय, हे विसरता कामा नये.

(दृश्य : रेखाचित्र. चौकोनी भोक, शेजारी बांगडा आणि पापलेट.)

आणि आता राज्यमाशाची पंचाईत. ४० मिलिमीटरची आस म्हणजे जाळं ताणून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर. चौकोन केला की त्याची बाजू २० मिलिमीटरची होते आणि तिरका कर्ण साधारण २८ मिलिमीटरचा. बोटभर लांबीचा बांगडा किंवा तारली निमुळती असते, यातून सुळकन निसटते. पापलेट मात्र ताटलीसारखं. त्याची उंची लांबीच्या जवळपास दोन तृतीयांश भरते. हिशेब करा. या भोकातून सुटायचं तर पापलेट चार-साडेचार सेंटीमीटरचंच हवं, म्हणजे काड्यापेटीपेक्षा लहान. नोटेएवढं पापलेट सोडाच, नोटेच्या निम्मं पापलेटही अडकणार. ज्या जाळ्याचं आपण कौतुक केलं, ते बांगड्याला वाचवतं, पापलेटला नाही. उपाय चांगला आहे म्हणून तो सगळ्यांना लागू पडतो, असं समुद्रात तरी चालत नाही.

मग लहान पापलेट बोटीवरून परत पाण्यात टाकायचं? तेही जमत नाही. ट्रॉलच्या खोल्यात टनावारी मासळीखाली चेंगरून ते वर येतं तेव्हा मेलेलंच असतं. अंगाला हात लागला तरी खवले निघून येतात, इतकं ते नाजूक. म्हणजे किमान लांबीचा नियम पाण्यात पापलेटला जीवदान देत नाही. बाजारात लहान पापलेटला गिऱ्हाईकच मिळेनासं झालं, तर पिल्लांचे थवे असतात त्या जागा आणि ते दिवस बोटी आपणहून टाळतील. नियमाची सगळी भिस्त यावर आहे. तो समुद्रासाठी लिहिलेला दिसतो, पण त्याचा निकाल लागतो मंडईत.

(दृश्य : सातपाटीची खाडी, ओहोटीत चिखलावर कललेल्या होड्या.)

पालघर जिल्ह्यातली सातपाटी पापलेटसाठी ओळखली जाते. इथं पापलेट मुख्यतः गिलनेटनं धरतात. पाण्यात पडद्यासारखं सोडलेलं जाळं. आसेहून बारीक मासा आरपार निघून जातो, फार मोठा आपटून मागे फिरतो आणि मधल्या मापाचा कल्ल्यापाशी अडकतो. आस मोठी ठेवली की पिल्लं आपोआप वगळली जातात. या जाळ्याला माप कळतं. पण त्याच पाण्यात डोल जाळीही लागलेली असतात. भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडून बसणारी ही नरसाळ्यासारखी पिशवी बोंबील आणि जवळ्यासाठी असते, म्हणून तिचा खोला बारीक आसेचा. जवळ्याबरोबर पापलेटची पोरंही आत शिरतात. डोलकराला ती नकोच असतात, पण आली की विकली जातात. इथं कुणी खलनायक शोधायला जाऊ नये. ज्याचं पोट जवळ्यावर आहे, त्याला मोठी आस वापर म्हणणं म्हणजे जवळा सोडून दे म्हणणं.

(दृश्य : कुंपणघातलेल्या तळ्यात खाद्य फेकणारा हात.)

शेती करा ना पापलेटची, हा प्रश्न इथं हमखास येतो. खवले हाताला चिकटणाऱ्या या माशाला पिंजऱ्यात वाढवणं जिकिरीचं आहे. कुवेतच्या संशोधकांनी १९९० च्या दशकाअखेरीस त्याची पैदास करून दाखवली, तरी कोळंबीसारखा पापलेटचा धंदा काही उभा राहिला नाही. आपल्याकडे तामिळनाडूतल्या मंडपमला २०१० मध्ये कोबिया या समुद्री माशाची आणि २०११ मध्ये पॉम्पॅनोची पैदास साधली. पॉम्पॅनो चंदेरी, चपटा, खायला चांगला. नावानं आणि रूपानं पापलेटचा भाऊ वाटतो, पण कुळ वेगळं. तसा आपला हलवाही खरा पापलेट नव्हेच, तो पॉम्पॅनोच्याच कुळातला. तरी ताटात त्याला कोण नाही म्हणतं? तेव्हा पॉम्पॅनोची शेती जरूर वाढावी. फक्त त्याला खायला काय घालतो, ते बघावं. तो मांसाहारी. त्याच्या खाद्यात मासळीची भुकटी असते, आणि ती भुकटी कचरा मासळी म्हणून उतरवलेल्या बारक्या मासळीची केली, तर पिंजऱ्यातला मासा समुद्रातलीच पोरं खाऊन मोठा होतोय. म्हणून सोयाबीनसारखी वनस्पतिजन्य प्रथिनं खाद्यात किती चालतील, यावर आज मत्स्यशेतीतल्या संशोधकांचा बराच वेळ जातो.

(दृश्य : ऑगस्टची सुरुवात. ढगाळ आकाश, रंग दिलेल्या, पताका लावलेल्या बोटी.)

राहिला प्रश्न दिवसांचा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, एकूण ६१ दिवस. कोळीवाड्याची जुनी बंदी याहून लांब होती. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होडी लोटायची. पापलेट लहानपणी झपाट्यानं वाढतं. त्या दिवसांत त्याला मिळालेला प्रत्येक जादा आठवडा वजनात दिसतो. बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी सातपाटीतून पूर्वीपासून होत आली आहे. पण पौर्णिमा चंद्राच्या हिशेबानं येते आणि सरकारी आदेश इंग्रजी तारखेनं निघतो. २०२५ मध्ये नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आली. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, त्यामुळे ती थेट ३० ऑगस्टला. त्या वर्षी जो कुणी दर्याला नारळ दिल्यावरच बोट काढणार होता, त्याच्या आधी बाकीच्या बोटी जवळजवळ महिनाभर समुद्रात होत्या.