हात जोडायला लावायचे का?

नमस्कार मंडळी. कुणी डबा भरत असाल, कुणी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर नुसतं ऐकत राहा.

आज शाळेतल्या धर्माबद्दल बोलायचंय आणि सुरुवात माझ्याच चुकीने करते. मी तेव्हा नवीन शिक्षिका, शाळा ठाण्यातलीच, नाव कशाला घेऊ. परिपाठ चालू होता, राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, मग सरस्वतीची प्रार्थना, आणि तिसरीतला एक पोरगा हात खाली सोडून उभा. मस्ती नाही, दंगा नाही, गप उभा. मी गेले आणि त्याचे हात धरून जोडले. पुढच्या रांगेत जाऊन मागे वळून बघते तर हात परत खाली! मला रागच आला, खरं सांगते.

नंतर कधीतरी कळलं की बाई, चूक तुझी होती. संविधानातलं कलम २८. जी शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते तिथे धर्माची शिकवण द्यायचीच नाही, आणि जिला सरकारची मान्यता किंवा अनुदान आहे तिथे कुणालाही संमतीशिवाय उपासनेला उभं करायचं नाही, मूल लहान असेल तर आईबापांची संमती हवी. ट्रस्टच्या काही संस्थांना थोडी सूट आहे, ते सोडा. केरळात तर तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं, यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलं ती, राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, आणि १९८६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांना परत घ्या. राष्ट्रगीताच्या बाबतीत हे, तर माझी प्रार्थना कुठे लागून गेली?

आता लगेच कुणीतरी म्हणणार, म्हणजे शाळेतून देवधर्म हद्दपारच करायचा का? अहो नाही हो. तुकाराम, जनाबाई काढल्या तर मराठीच्या पुस्तकात उरेल काय? चोखोबांना देवळाबाहेर का थांबावं लागलं हे पोरांना सांगितलंच पाहिजे, त्याशिवाय अभंग कळणारच नाही. पण अभंग संपल्यावर "चला, सगळ्यांनी डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणा" झालं की तो तास राहिला नाही, ते भजन झालं. भजन वाईट नाही, मी स्वतः करते, घरी. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये हाच फरक केला होता, धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं, आणि २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की धर्मांची माहिती शिकवणं संविधानाविरुद्ध नाही.

पाटीपूजनाचं मात्र माझं अजून ठरत नाही. एकच्या आकड्यांनी काढलेली ती सरस्वती मला फार आवडते, पोरांनाही चित्र म्हणून मजा येते. काढू द्यावी असं वाटतं, पण हळदकुंकू वाहायची सक्ती नको. तुमचं वेगळं मत असेल तर असू दे.

आणि माहिती द्यायला आपल्या ठाण्यासारखं गाव नाही हो. पोरांना स्टेशनकडून चालत न्या. मासुंदा तलावाशी कोपिनेश्वर, तिथून जवळच चर्च, पुढे टेंभी नाक्याला जैन मंदिर, पारशांची अग्यारी (ती बाहेरूनच बघायची, आत फक्त पारशी जातात, आणि का ते पण सांगा), आणि सिव्हिल हॉस्पिटलसमोर १८७९ चं ज्यूंचं सिनेगॉग. बेने इस्रायली लोकांना, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंना, कोकणात शनिवार तेली म्हणायचे, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. असं का बंद, म्हणून एका पोराने विचारलं की झाला ना इतिहासाचा तास, आणि हात कुणाचेच जोडायला लागले नाहीत.

फक्त एक करा, सिनेगॉगला शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी त्यांचा शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवून विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस असतो. आधी विचारून मधल्या वारी जा.