मानशीचं दार आणि ९३ अक्षरं

(गोव्यातलं दिवाडी बेट. मागे खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचा बांध, मानशीचं लाकडी दार)

ही मानस. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं दार मिटतं, ओहोटीला उघडतं. खारं पाणी शेतात घुसत नाही. आता असलंच दार एका जिवाणूत बघू.

ई. कोलायच्या बाहेरच्या पडद्यात ओम्प-एफ नावाच्या प्रथिनाची भोकं असतात. अन्न तिथून आत येतं, आणि ॲम्पिसिलिन हे जिवाणू मारणारं औषधही. सगळीच बुजवली तर खाणार काय?

१९८४ मध्ये मासायोरी इनोये यांच्या गटानं मिक-एफ दाखवला. जेमतेम ९३ अक्षरांचा आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच अक्षरांचा धागा, पण यातून कुठलंही प्रथिन बनत नाही. मग काम काय? बघा, प्रथिन बनायचं तर जीनची नक्कल निघते, एमआरएनए. तिच्या सुरुवातीला रायबोसोम, म्हणजे प्रथिन बनवणारं यंत्र, बसतो आणि वाचत जातो. मिक-एफ नेमका त्या जागेवर जाऊन चिकटतो, अक्षराला अक्षर जुळवून. रायबोसोमला बसायला जागाच उरत नाही! नवी भोकं बनत नाहीत, जुनी पुढच्या पिढ्यांत वाटली जाऊन विरळ होतात.

डीएनए मात्र जसाच्या तसा. संकट सरलं की भोकं परत. औषध फोडणाऱ्या एन्झाइमपेक्षा मला हीच चाल जास्त धूर्त वाटते. औषध अगदीच निकामी होतं असं नाही हं. कमी शिरतं, जिवाणूला सवड मिळते. कायमचं म्यूटेशन, म्हणजे डीएनएतलाच बदल, त्या सवडीत घडू शकतं.

आणि एक गंमत. प्रयोगशाळेत ई. कोलायला सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड, दिलं तर मिक-एफ वाढतो आणि ओम्प-एफ घटतं. (घरी कुणाची ॲस्पिरिन बंद करू नका! हे ताटलीतलं आहे.)

दुसरा आरएनए राय-एच-बी. हा लोहाच्या टंचाईत जागा होतो आणि लोह लागणारी प्रथिनं आवरती घेतो. त्यात श्वसनाची यंत्रणाही मंदावते. जेंटामायसिन या दुसऱ्या जिवाणूनाशक औषधाला आत शिरायला त्याच यंत्रणेतून येणारी ऊर्जा लागते, त्यामुळे ते कमी शिरतं. आपल्या डिचोलीत लोखंडाचे डोंगर असतील, पण शरीर संसर्गाच्या वेळी जिवाणूपासून लोह लपवून ठेवतं. म्हणजे भरपूर लोहाच्या ताटलीत जेंटामायसिननं पटकन मरणारा जिवाणू अंगात थोडा जास्त तग धरू शकतो.