मान त्यानंच घालायची

नमस्कार श्रोतेहो.

पट्ट्याला बांधलेला कुत्रा दिसला तर कुणी मान वळवून पाहत नाही. मी बाहेर पडले की मात्र लोक थबकतात. माझ्या खांद्यावर कॉकटील असतो, म्हणजे पोपटाच्या कुळातला तुरेवाला पक्षी, जेमतेम 90 ग्रॅमचा, आणि त्याच्या अंगावर बारीक निळ्या पट्टीचा हार्नेस, म्हणजे मान आणि पंखांभोवती बसणारा, दोरी लावलेला पट्टा. "एवढ्याशा जिवाला बांधलंय कशाला?" हा प्रश्न ठरलेला.

पंख छाटले की काम झालं, असं समजणारे पुष्कळ आहेत. छाटलेल्या पंखांनी पक्षी फार उडत नाही, हे खरं. पण मागून वाऱ्याची झुळूक आली की तोच पक्षी समोरच्या झाडाच्या शेंड्यावर! आणि उंचावरून खाली कसं यायचं, हे पिंजऱ्यात वाढलेल्याला कुणी शिकवलेलं नसतं. पायात साखळी तर नकोच. दचकून झेप घेतली की सगळा हिसका त्या काडीएवढ्या पायावर बसतो आणि पाय मोडू शकतो. हार्नेसमध्ये तो हिसका अंगावर वाटला जातो.

मात्र हार्नेस छातीवर आवळता कामा नये. आपल्यासारखं श्वासपटल पक्ष्यांना नसतं. त्यांच्या छातीचं हाड पुढंमागं हलतं, तेव्हा कुठं हवा आतबाहेर होते. छाती दाबली की श्वासच थांबला. मुठीत गच्च धरून हार्नेस चढवणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं.

हे मी शहाणपणानं सांगतेय, पण पहिल्या दिवशी मी नेमकं तेच केलं. पक्षी टॉवेलात गुंडाळला आणि दोन मिनिटांत हार्नेस चढवला. छाती दाबली नाही एवढंच नशीब. त्यानंतर कित्येक दिवस निळं काही दिसलं की तो पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात. माझी निळी ओढणीसुद्धा त्याला चालेना. मग पहिल्यापासून सुरुवात केली.

हार्नेस पिंजऱ्यापासून चार हात लांब, खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला. कॉकटीलचा तुरा म्हणजे त्याच्या मनाची पाटीच. ताठ उभा राहिला तर तो दचकलाय, डोक्याला चिकटवून फुत्कारला तर चिडलाय, आणि अर्धवट सैल असला तर सगळं ठीक. तुरा सैल होईपर्यंत खुर्ची पुढं सरकवायची नाही, एवढा एकच नियम मी पाळला.

खरी लढाई मानेच्या फासाची. फास मोठा करून दोन बोटांत धरायचा आणि पलीकडून राळ्याचं कणीस दाखवायचं. कणीस हवं असेल तर मान त्यानं स्वतः आत घालायची. आपण फास त्याच्याकडे एक इंचसुद्धा सरकवायचा नाही. सुरुवातीला माझा पठ्ठ्या नुसती चोच आत घालायचा, एक दाणा टिपायचा आणि मागं व्हायचा. चालेल! दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, आणि त्याला आणखी हवं असतानाच खेळ बंद. तुऱ्यामागून फास मानेवर यायला आम्हाला तीन आठवडे लागले. बकलचा कट् आवाजही वेगळा शिकवावा लागला, आधी माझ्या बंद मुठीत, मग जवळ.

पंखांचं त्यामानानं सोपं. पंखाखाली बोट लावून घ्यायची सवय आधी हवी. पट्टीखाली मोठी पिसं अडकली नाहीत ना, ते पाहायचं. पिसं झडून नवी येत असली तर थांबायचं, कारण नव्या कोंबात रक्त खेळत असतं आणि तो मोडला तर रक्त वाहतं. पक्षी अंग फुगवून बसलेला असताना माप घेतलं, तर तो सैलावल्यावर हार्नेस ढिला पडतो. तेव्हा माप दोनदा तपासा. दोरी आखूड आणि थोडी ताणणारी असावी, आणि तिचं टोक कुठवर आहे, हे त्याला घरातच कळू द्यावं.

बाहेर पहिल्या दिवशी पाचच मिनिटं. एकदा तो चालता चालता गप्प झाला, मान तिरपी केली आणि एकच डोळा आभाळाकडे लावला. मला काहीच दिसेना. बऱ्याच वेळानं तो ठिपका दिसला. घार होती. तेव्हापासून तो असा एका डोळ्यानं वर पाहायला लागला की मी त्याच्यावर हात धरते. उन्हाचंही भान ठेवा. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले की सावली गाठायची आणि घरी परतायचं. आणि दोरी फांदीला बांधून "आलेच हं" म्हणत जाऊ नका. मांजराला तेवढा वेळ पुरतो.

बजरीगर, म्हणजे त्याहून छोटा पोपट, पाळणाऱ्यांना माझं मत जरा नावडेल. तो असतो 30-40 ग्रॅमचा. काही जण त्यालाही हार्नेस शिकवतात, पण मी मात्र छोटा हातपिंजरा घेईन. मोठ्या पक्ष्यानं महिनोन्महिने मान आत घातली नाही, तर त्यालाही तोच पिंजरा. ऊन, वारा, पानांची सळसळ तिथूनही मिळते.

घरी आल्यावर मी आधी हार्नेस काढते आणि पट्टी बोटांनी चाचपते. कुठं कुरतडलेली तर नाही ना? सध्याचा आमचा तिसरा आहे. आधीचे दोन, मी फोनवर बोलत असताना, त्यानं खांद्यावर बसल्या बसल्या चावून तोडले.

नमस्कार.