पेजेबरोबर मीठही गेलं

नमस्कार श्रोतेहो. फोंड्याला माझी लहानशी फार्मसी आहे. गेल्या महिन्यात ओळखीच्या एक काकी आल्या आणि हातातली पिशवी त्यांनी काउंटरवर पालथी केली. मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, बायोटिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, शिवाय पाण्यात टाकली की फसफसणारी संत्र्याच्या चवीची गोळी. म्हणाल्या, "भाई, एवढं सगळं घेते, तरी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. आणखी काय घेऊ?"

काकींना डायबेटिस. दहा दिवसांपूर्वी त्यांनी भात, पोळी, पाव सगळं बंद केलं होतं. त्यात नवल नाही. २०२३ साली छापून आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत गोव्यात डायबेटिसचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यांत जास्त. देशाची सरासरी ११.४. त्यामुळे लो-कार्ब हा शब्द आता आमच्या बाजारात मासळीच्या भावासारखा तोंडी असतो.

मी विचारलं, "अकरा वाजताची पेज?"

"ती तर पहिली सोडली."

आता पेज म्हणजे नुसते उकडे तांदूळ नव्हेत. वाडगाभर पाणी, त्यात मीठ, तोंडी लावायला तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा. तांदूळ टाळायला म्हणून पेज सोडली, तर तिच्याबरोबरचं मीठपाणीही जातं. नेमक्या त्याच दिवसांत शरीरही मीठ बाहेर टाकत असतं. आपण खाल्लेल्या पिष्टाचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. भात बंद केला की हा साठा उपसला जातो, पाणी सुटतं. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलोंनी खाली येतो आणि आपण खूश होतो, पण त्यातलं बरंचसं पाणीच असतं. इन्शुलिन उतरलं की मूत्रपिंडंही सोडियम जास्त सोडतात. मग डोकं दुखतं, गळून जायला होतं, अंधारी येते. काकींच्या त्या पाच बाटल्यांपैकी फसफसणाऱ्या गोळीत थोडं सोडियम असतं, बाकीच्या चारांत होतं ते नावापुरतं. अशा वेळी बऱ्याच जणांना मीठ घातलेली फुटी कढी, म्हणजे नारळाच्या रसाशिवायची कोकमाची कढी, किंवा सोलकढी पुरते.

पण मी त्यांना लगेच कढी प्यायला सांगितलं नाही. आधी साखरेच्या गोळ्या विचारल्या. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, पूर्वीइतक्याच चालू. भात गेला आणि ग्लिमेपिराइड तेवढीच राहिली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, अंधारी त्यानेही येते. म्हणून त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडलं. ज्यांच्या डायबेटिसच्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' आहे त्यांनी, आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी, भात सोडण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधीही. टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, आणि 'कमी सोडियमचं' म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. आडसराच्या, म्हणजे शहाळ्याच्या, पाण्यातही ते भरपूर, वर साखरही आहे.

आता उकड्या तांदळाबद्दल थोडं, कारण तो आपला आहे. आयकमन नावाचे एक डच डॉक्टर जावा बेटावर काम करत होते. तिथे पॉलिशचा पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होत. त्या कोंड्यात होतं जीवनसत्त्व बी-१. आयकमनना १९२९ साली नोबेल मिळालं. भात सालासकट उकडला की हे बी-१ दाण्यात उतरतं आणि पुढे तांदूळ पॉलिश केला तरी बरंच टिकतं. म्हणजे उकडे सोडणाऱ्याचं नुकसान सुरय, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळ, सोडणाऱ्यापेक्षा जास्त. शरीरात बी-१चा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. डुकराच्या मांसात ते भरपूर असतं, शिवराक, म्हणजे शाकाहारी, माणसाने शेंगदाणे आणि तीळ विसरू नयेत.

मासे खाणाऱ्यांचं बाकी बरं आहे. तारले काट्यांसकट चावून खाल्ले तर कॅल्शियम, डी आणि बी-१२ एकाच ताटात. श्रावणात मासे बंद झाले म्हणून बी-१२साठी कोणी घाबरू नये, यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो. मात्र मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं. ते तपासून घ्यावं, शिवराक असाल तर नक्कीच.

गोळ्यांचेही स्वभाव असतात. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त, पण पोट सैल करतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, चहाबरोबरही नाही. थायरॉइडची गोळी आणि या दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची कॅप्सूल सहसा आठवड्याला एक असते. एका गिऱ्हाइकाने ती रोज घेतली, महिनाभर! डी चरबीत साठून राहतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडांवर बेततं. आणि बायोटिन केसांसाठी घेतात खरं, पण त्याने थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडेच चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवायचं असतं, हे त्या बाटलीवर कुठे दिसत नाही.

गेल्या सोमवारी काकी परत आल्या. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली होती आणि बीपी पाहून कढीला परवानगी दिली होती. अंधारी थांबली, पोटऱ्यांतले गोळे कमी झाले. बी-१२ कमी निघालं, त्याची गोळी लागली. बाकीच्यांतली कॅल्शियमची बाटली पिशवीत होती, ती ठेवू का, असं विचारायला आल्या होत्या.

"आणि बायोटिन?" मी विचारलं.

"ते सुनेला दिलं. तिचे केस गळतात."

सुनेची थायरॉइडची तपासणी या शनिवारी आहे. इथून बाहेर पडलो की आधी तिला फोन करायचा आहे.